मॅचलेसच्या पोटातला नॉर्टन

नोरा हिंगली आली तेव्हा आयव्हरचे पाय गरम पाण्याच्या टबात होते. आयव्हर म्हणजे माझा नवरा. कारखाना बंद पडल्यापासून तो हॉस्पिटलात पोर्टर आहे. दिवसभर माणसं ढकलत एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात न्यायची, कधी जिवंत, कधी नाही. संध्याकाळी घरी येतो तेव्हा बोलण्यापुरतंसुद्धा त्राण उरलेलं नसतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात असते. बटाट्यांचे डोंगर सोलून माझीही गत काही वेगळी नसते. त्यामुळे दिवेलागणीनंतर कुणी आमचं दार वाजवलेलं आम्हा दोघांनाही खपत नाही.

पण ही नोरा होती. विल्फची बायको. विल्फ आणि आयव्हर एकाच टूलरूममध्ये, शेजारशेजारच्या बाकांवर, कारखान्याला कुलूप लागेपर्यंत. गेल्या ऑक्टोबरात विल्फ फुप्फुसांच्या दुखण्याने गेला. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत आयव्हर सगळ्यांत पुढे होता.

"बस, चहा टाकते," मी म्हटलं.

"चहा नको गं." ती कोट न काढताच खुर्चीच्या कडेवर टेकली. "आयव्हर, विल्फची मॅचलेस बाइक चालू करून दे. क्लच चिकटलाय. लिव्हर कितीही दाबली तरी सुटतच नाही."

आयव्हरने डोळे मिटूनच विचारलं, "आणि चालू करून काय करणार?"

"मी लेकीकडे चाललेय, वर्दिंगला. कायमची. त्याआधी एकदा मागे बसून क्लेंटच्या टेकड्यांवर जायचंय. आम्ही जायचो ना, तसं."

"बाइकच्या क्लबातल्या पोरांना सांग. त्यांना हौस असते. मी दमलोय, नोरा. खरंच दमलोय."

"नाही," नोरा म्हणाली. "तो क्लच तूच उघडायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला नकोय."

तिचा आवाज असा चढला की आयव्हरने डोळे उघडले. मला वाटलं, नवरा गेल्यावर बायका अशा एखाद्या गोष्टीला धरून बसतात, त्यातलाच हा प्रकार. आयव्हरने टबातलं पाणी पायाने ढवळलं आणि म्हणाला, "रविवारी येतो."

रविवारी मीही गेले, कारण नोराकडे एकटं बसून आयव्हर काही खाणार नाही हे मला माहीत होतं. चीज-कांदा घातलेले पाव फडक्यात बांधून नेले. विल्फची शेड परसात, कालव्याच्या भिंतीला लागून. मॅचलेस गोधडीखाली होती. अठ्ठावन्न सालची, पाचशे सीसीची, एकाच सिलिंडरची. विल्फने ती जिवापाड जपली होती. इतकी, की दुसऱ्या कुणाला तिच्यावर पानासुद्धा लावू देत नसे. आयव्हर कधी म्हणाला, आण, मी बघतो, तर विल्फ विषय बदलायचा. आम्ही त्यावरून त्याची थट्टा करायचो. म्हणायचो, नोरावर इतका जीव लावला असतास तर.

आयव्हर गुडघ्यांखाली पोतं घेऊन बसला. चेनवरचं पत्र्याचं झाकण काढलं, खाली धरलेल्या थाळीत काळं तेल गळलं. मग मान वाकडी करून आत बघितलं.

"हा क्लच मॅचलेसचा नाही," तो म्हणाला.

नोरा दारात उभी होती.

"तीनच स्प्रिंगा आहेत, ते ठीक. पण हे बघ, मधल्या चक्रात रबरं आहेत. मॅचलेसला इथे रबर नसतं. धक्का सोसायची स्प्रिंग त्यांनी तिकडे इंजिनाच्या शाफ्टवर ठेवलीय. हे पोट नॉर्टन बाइकचं आहे. गिअरबॉक्स दोघांचा एकाच घराण्यातला, म्हणून बसलाय." त्याने मान वर केली. "विल्फने नॉर्टनचा क्लच कधी घातला? मला कधी बोलला नाही."

"तो कधी काय बोलायचा?" नोरा म्हणाली, आणि घरात निघून गेली.

प्लेटा गंजून एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की शेडमध्ये काही होण्यासारखं नव्हतं. आयव्हरने सगळा क्लच उतरवून माझ्या भांडी घासायच्या टोपात भरला आणि आम्ही तो घरी आणला. वाटेत दोनदा थांबलो. त्याची कंबर, माझे गुडघे.

त्या आठवड्यात बुधवारी मी शाळेतून आले तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, रॉकेलचा वास घरभर, आणि आयव्हर हातात एक गोल चकती धरून बसलेला. सगळ्या प्लेटांना बाहेरून दाबून धरते ती, प्रेशर प्लेट म्हणतात तिला. बाकीचं सामान लोखंडी होतं, ही मात्र ॲल्युमिनियमची. चूल बंद, चहा नाही. मी दिवा लावला तरी त्याने वर बघितलं नाही.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून अंधारात बसलायस?"

त्याने ती चकती माझ्यापुढे सरकवली आणि उठून वर झोपायला गेला. न जेवता. मी ती फडक्याने पुसली. आतल्या बाजूला, काठाशी, दोन अक्षरं ठोकलेली होती. आय आणि टी. आयव्हर ट्रँटर.

एकसष्ट साली आयव्हरकडे नॉर्टन होती, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. दोन सिलिंडरची, चंदेरी टाकीची. तिची प्रेशर प्लेट तडकली तेव्हा त्याने टूलरूममध्ये फोरमनचा डोळा चुकवून नवी कातून काढली होती आणि ठसे ठोकून आपलं नाव घातलं होतं. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराला हाताच्या कामाचा जो माज असतो, तो. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ओल्ड हिलच्या पोहायच्या तलावाबाहेरून ती नॉर्टन चोरीला गेली. पोलिसांनी हात वर केले. मग कितीतरी रविवार आयव्हर आणि विल्फ कालव्याच्या काठाने चालत तिला शोधत होते. भंगारवाल्यांची आवारं, पुलांखालचे खड्डे, सगळं. विल्फ बोटीचा आकडा घेऊन पाण्यात खुपसून बघायचा. ही गोष्ट आयव्हर आमच्या पोरांना सांगायचा, मित्र कसा असावा याचा दाखला म्हणून.

मी ती चकती पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं सामान टोपात भरून जिन्याखाली ढकललं. मी विचारलं, "नोराला काय सांगायचं?"

"काही सांगू नकोस."

"तिला माहीत असेल का?"

"बेरिल, मेलेल्या माणसाशी भांडायला अंगात बळ लागतं. माझ्या अंगात नाही. ट्रॉल्या ढकलून येतो, तेवढंच पुरे."

पण भांडण चालूच होतं, हे मला दिसत होतं. तो रात्री कूस बदलत राहायचा. ताटातलं अर्धं तसंच ठेवायचा. एकदा दाढी करताना मोठ्याने म्हणाला, "आकडा घेऊन पाण्यात बघत होता!" आणि मग नळ सोडला.

मार्च उजाडला. नोरा विचारायला आली नाही, दुकानापाशी दिसली तरी रस्ता ओलांडून जायची. शेवटी मीच गेले. तिच्या घरात खोकी भरलेली होती, भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या. मी दारातच म्हटलं, "नोरा, ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही. आयव्हरला त्याची अक्षरं दिसली."

ती एका खोक्यावर बसली. "बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं बाई."

मग तिने सांगितलं. चोर विल्फ नव्हता. चोर होता क्लेम, तिचा धाकटा भाऊ, अठरा वर्षांचा. त्याने नॉर्टन उचलली, बिल्स्टनच्या एका शेडमध्ये खोलली आणि तुकड्या-तुकड्याने विकून टाकली. विल्फच्या मॅचलेसचा क्लच त्याच सुमारास गेला होता. क्लेम म्हणाला, माझ्याकडे एक आहे, जवळजवळ नवा, फक्त कुठून आणला ते विचारू नकोस. विल्फने विचारलं नाही. शेडमध्ये बसून साफ करायला घेतला आणि अक्षरं दिसली.

"तसाच उठून गेला आणि क्लेमला रक्त येईपर्यंत मारलं," नोरा म्हणाली. "पण तोवर बाकीचं सगळं गेलं होतं. सांगाडा कालव्यात. मी पोटुशी, आई अंथरुणाला खिळलेली. मी त्याचे पाय धरले, बेरिल. म्हटलं, आयव्हरला सांगितलंस तर पोरगा तुरुंगात जाईल आणि आई त्याच दिवशी मरेल. नाही सांगितलं त्याने."

"आणि शोधायला मात्र जायचा."

"नाही कसं म्हणणार होता? रविवारी परत यायचा तेव्हा बूट काढायचंही भान नसायचं त्याला. एकदा ती अक्षरं पुसून टाकायला कानस घेऊन बसला. दुपारभर बसला आणि तशीच ठेवली. मी म्हटलं, मग क्लच तरी फेकून दे. तेही नाही. म्हणाला, फेकला की मीही चोरच झालो."

"क्लेम कुठे आहे आता?"

"ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला होता. तिकडेच वारला, तीन वर्षं झाली." तिने तोंड पुसलं. "सगळे गेले, मी एकटी उरले हे सांभाळत. तोंडाने सांगवेना मला. कितीदा तुमच्या फाटकापर्यंत येऊन परत गेले. मग म्हटलं, त्यानेच उघडावं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. त्यासाठीच गेले होते खरं तर. पण तिच्या घराच्या त्या उघड्या-बोडक्या भिंती बघून ते जमलं नाही. मी तिला दोन खोकी बांधायला मदत केली आणि घरी आले.

आयव्हरला सगळं सांगितलं. तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता. मी संपवल्यावर त्याने एवढंच विचारलं, "दुपारभर बसला होता म्हणाली?"

"हो."

"मूर्ख," तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.

शनिवारी त्याने टोप जिन्याखालून बाहेर ओढला.

कामाला महिना लागला असेल, कारण रोज संध्याकाळी त्याच्या अंगात जेमतेम अर्ध्या तासाची ताकद असायची. क्लचच्या डब्याच्या कडेला बोटांसारख्या पट्ट्या असतात, त्यांना प्लेटांच्या दातांनी खाचा पाडल्या होत्या. प्लेट त्यात अडकली की सरकत नाही, मग लिव्हर दाबली तरी क्लच सुटत नाही, ओढत राहतो. त्या खाचा त्याने कानशीने एकेक करून सपाट केल्या, थोडं घासायचं, फुंकर मारायची, बोट फिरवून बघायचं. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का ते बघितलं. नव्या प्लेटा आणि रबरं किडरमिन्स्टरच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून टपालाने आली. फोनवर त्या दुकानदाराने विचारलं, "बाइक कुठली?" आयव्हर म्हणाला, "बाइक सोडा, क्लच नॉर्टनचा आहे." "नक्की ना?" "नक्की. मी ओळखतो त्याला."

जुनी रबरं दगडासारखी झाली होती, ती त्याने चाकूने कोरून काढली. नवी बसवताना मात्र माझी पाळी आली. मधल्या चक्राला तीन पाकळ्या असतात. प्रत्येक पाकळीच्या एका बाजूला जाड रबर, दुसऱ्या बाजूला बारीक. जाड रबरं सहज बसतात. बारीक बसवायला आधी जाडांना पिळून जागा करावी लागते, आणि ती पिळायला एक माणूस लागतो. आयव्हरने एका जुन्या प्लेटेला लांब लोखंडी दांडा बोल्टने जोडला, चक्र वाइसच्या जबड्यात धरलं आणि मला म्हणाला, "लोंबकळ."

"कशाला?"

"या दांड्याला. सगळं वजन टाक."

"बायकोचं वजन कामाला आलं म्हणायचं एकदाचं."

"तोंड नको चालवू, दाब."

मी दाबलं. त्याने रबराला भांड्याचा साबण लावून आत सारलं, ते अर्ध्यावरून सुटून चुलीखाली गेलं. पुन्हा. पुन्हा सुटलं. त्या दांड्याला लटकलेली असतानाच माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्रिजनॉर्थची ऑड्री."

त्याचा हात थांबला.

ऑड्रीचं नाव मला माहीत होतं, पण नुसतं नाव म्हणून. दर रविवारी तो नॉर्टनवरून तिच्याकडे जायचा. बाइक गेली, रविवारी तिकडे बस नव्हती, आणि चार-सहा महिन्यांत ते सगळं विझून गेलं. मग तो कामावर बसने जायला लागला. त्या बसची कंडक्टर मी होते. नोराकडून आल्यापासून हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. छत्तीस वर्षं मी समजत होते की आयव्हर मला भेटला. आता कळलं होतं की एका भुरट्या पोराने त्याला माझ्या बसमध्ये आणून बसवलं.

"तिचं काय?" आयव्हरने विचारलं.

"नॉर्टन राहिली असती तर तू तिच्याशीच लग्न केलं असतंस."

"केलं असतं बहुतेक."

निदान खोटं तरी बोलायचं. मी दांडा सोडणार होते.

"ब्रिजनॉर्थला चढ फार आहे," तो म्हणाला. "या गुडघ्यांनी मेलो असतो मी तिथे. दाब नीट."

मला हसूही आलं आणि रडूही. मी जीव खाऊन दाबलं, आणि रबर गपकन आत गेलं. उरलेली दोन त्या दिवशी झाली नाहीत. आम्ही दोघंही टेबलावर डोकं टेकून बसलो. पण मी त्या रात्री नीट झोपले असं म्हणणार नाही. खरं उत्तर मिळाल्यावर जी झोप यायला हवी, ती काही आली नाही.

एप्रिलात आयव्हरने क्लच परत मॅचलेसवर चढवला. तिन्ही स्प्रिंगांचे नट मधोमध फट पाडलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने थोडेथोडे फिरवत राहिला. लिव्हर दाबून धरायला मी. तो किकने क्लच फिरवायचा आणि प्रेशर प्लेट एकीकडून आधी उचलली जाते का ते डोळा लावून बघायचा. डगमगली की पुन्हा अर्धा फेरा. आपली चकती त्याने तीच ठेवली होती. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

क्लेंटला जायच्या दिवशी नोरा विल्फचा जुना कातडी कोट घालून आली. बाह्या तिच्या बोटांपर्यंत लोंबत होत्या. तिला मागच्या सीटवर पाय टाकता येईना, मी आणि आयव्हरने उचलून बसवली. आयव्हरने किक मारली. तिसऱ्या खेपेला बाइक धडधडायला लागली. त्याने लिव्हर दाबली आणि गिअर टाकला, कुठे खरखर नाही, झटका नाही. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तो टूलरूममधला पोरगा येऊन गेला. मग दोघं गेली. मी नोराच्या ओट्यावर राहिलेल्या बश्या धुतल्या.

परत आली तेव्हा नोराचे डोळे वाऱ्याने लाल झाले होते, की कशाने कोण जाणे. तिला उतरवून घेतली. ती आयव्हरसमोर उभी राहिली. कोट तिच्यापेक्षा मोठा, त्यामुळे ती फार लहान दिसत होती.

"आयव्हर, माफ केलंस का आम्हाला?"

आयव्हर हातमोजे काढत होता. त्याची कंबर धरली होती, सरळ उभं राहता येत नव्हतं.

"नोरा, मी पोर्टर आहे, पाद्री नाही," तो म्हणाला. "विल्फने सांगायला हवं होतं. तेव्हाच. मी क्लेमला पोलिसात दिला नसता. कदाचित दिला असता. ते आता मला कसं कळणार?" मग थांबून म्हणाला, "घट्ट धरून बसलीस, बरं केलंस. वळणावर अंग टाकायला तू विसरली नाहीस."

तिने मान हलवली. एवढंच. तिने बाइक त्याला देऊ केली, तो नको म्हणाला. मेच्या सुरुवातीला तिचा जावई येऊन मॅचलेस गाडीमागे बांधून वर्दिंगला घेऊन गेला. नोरा पुढे बसली होती. आयव्हरने जावयाला सांगितलं की प्लेटा कधी लागल्या तर नॉर्टनच्या माग, मॅचलेसच्या मागशील तर फसशील. जावयाने हो हो म्हटलं. त्याच्या काही लक्षात राहील असं वाटलं नाही.

मी आयव्हरला विचारलं होतं, क्लेंटला तुम्ही काय बोललात. "काही नाही," तो म्हणाला. "वर चहा प्यालो. ती म्हणाली, विल्फ इथे आला की नेहमी गप्प व्हायचा. मी म्हटलं, का ते मला आता कळलं." पुढे काही नाही.

गाडी वळून गेल्यावर आम्ही घरी निघालो. तुम्हाला वाटेल, एवढं सगळं झाल्यावर अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं असेल. तसं काही झालं नाही. सोमवारी त्याला सकाळची पाळी होती, मला बटाटे. चढावर तो भिंतीला टेकून उभा राहिला, मी त्याच्या शेजारी टेकले. समोरून बस गेली, रिकामीच होती.

"बसने जाऊ या का?" मी विचारलं.

"दोन थांब्यांसाठी?"

"दमलोय ना आपण."

"थांब जरा," तो म्हणाला. "चालू हळूहळू."